शके १८१९ चें खग्रास सूर्यग्रहण : वेधांच्या खर्चाचे अर्ज आणि कडेगांव

ताम्रपटांच्या व शिलालेखांच्या अभ्यासकास ग्रहण हें कांहीं नवें प्रकरण नाहीं. दानाची मिति पर्वकालावर पडली असली म्हणजे गणित करून शकाची खातरजमा करतां येते, आणि ती एकदां जुळली कीं पुढचा वाद बहुधा मिटतो. शिलाहार विजयादित्याचा शके १०६५ चा कोल्हापूरचा लेख व शके १०७३ चा बामणीचा लेख हे दोन्ही चंद्रग्रहणाच्या निमित्तानें दिलेल्या दानांचे आहेत. तेथें ग्रहण हें दानाचें निमित्त. प्रस्तुत लेखांत ज्या द्रव्याचा विचार करावयाचा आहे तें ग्रहणांत दिलेलें नसून ग्रहण पाहण्याकरितां दिलेलें, आणि तेंही कोणी एखाद्या शास्त्रीय सभेकडे रीतसर अर्ज करून मागितल्यावरून दिलेलें आहे. कोणी मागितलें, कोणत्या सभेनें दिलें, त्यांतून कोणतें यंत्र आलें व तें कोठें लागलें, हा क्रम नीट लावला असतां विजयदुर्गाविषयीं सर्वत्र रूढ झालेली एक समजूत टिकत नाहीं. आणि ज्या कडेगांवाचा या संबंधांत कोणी उल्लेखही करीत नाहीं, त्या गांवाकडे मात्र पाहणें प्राप्त होतें.

शनिवार, पौष वद्य अमावास्या, शके १८१९, हेमलंबी नाम संवत्सर, म्हणजे ता. २२ जानेवारी १८९८, या दिवशीं मध्यान्हाच्या सुमारास चंद्राची गडद छाया कोंकणच्या किनाऱ्यावर चढली व ईशान्येकडे सरकत वऱ्हाड-नागपूर, रेवा संस्थान यांवरून गंगेच्या खोऱ्याकडे गेली. छायेच्या पट्ट्याची रुंदी आपल्या देशांत सुमारें ५० मैल होती, आणि पूर्ण ग्रास सुमारें २ मिनिटें, म्हणजे आपल्या मापानें ५ पळें, टिकला. पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ पाहणारांचीं जीं मोठीं ठाणीं पडलीं त्यांतील पश्चिमेकडचीं दोन म्हणजे किनाऱ्यावरील विजयदुर्ग व सोलापूर जिल्ह्यांतील करमाळें तालुक्याचें जेऊर. या दोन ठिकाणांस जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढून पाहावी. ती सह्याद्रि उतरून कृष्णाखोऱ्यांतून, कऱ्हाड प्रांताच्या अंगानें जाते, आणि कडेगांव तिच्यापासून फार तर पांचसहा कोस दक्षिणेस राहतें. पट्ट्याची अर्धी रुंदी २५ मैल धरली तर कडेगांव छायेच्या ऐन पोटांत होतें, कडेला नव्हे, हें सांगण्यास ज्योतिषी लागत नाहीं. नकाशा व पट्टी पुरे.

कडेगांव त्या काळीं सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यांत मोडत असे. पुढें १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, १९६० त त्यास सांगलीचें नांव मिळालें, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनीं कडेगांव स्वतःच तालुक्याचें ठाणें झालें. म्हणून या गांवचे जुने कागद शोधणारास साताऱ्याचीं व सांगलीचीं अशीं दोन दारें ठोठवावीं लागतात. गांवाची ख्याति आहे ती मोहरमांतील उंच ताबुतांबद्दल. बांबू व सूत यांच्या बांधणीचे हे गगनचुंबी ताबूत हिंदु व मुसलमान मिळून उचलतात व त्यांच्या भेटी पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. एवढा मोठा समारंभ जें गांव आपल्या अंगमेहनतीवर पार पाडतें, त्यास उत्सव करणें नवीन नव्हतें. परंतु सूर्य झांकल्यावर त्याच्या कडेला काय दिसतें हें पाहण्याचा उत्सव अंगमेहनतीनें होत नाहीं. त्यास आरसे, भिंगें, वर्णपटदर्शक, छायाचित्रांच्या कांचा, तंबू आणि जहाज लागतें. म्हणून त्यास अर्ज लागतो.

हा अर्ज कसा होत असे तें आधीं पाहूं. लंडनच्या रॉयल सोसायटीकडे इ.स. १८५० च्या सुमारापासून पार्लमेंटकडून दरसाल १,००० पौंडांची रक्कम शास्त्रीय शोधांस साहाय्य म्हणून वांटण्यासाठीं येऊं लागली. पुढें ती वाढत जाऊन १८८२ त ४,००० पौंडांवर स्थिर झाली. पैसा सरकारचा, पण कोणास किती द्यावयाचा हें विद्वानांची समिति ठरवी. आपल्याकडील दक्षिणेच्या वांटपाशीं याचें थोडें साम्य आहे; फरक इतकाच कीं तेथें विद्वत्तेस दान मिळत नसे, कामास मिळत असे. काय शोधावयाचें व त्यास कोणतें साधन लागेल हें अर्जदारास आधीं सांगावें लागे. असे अर्ज व त्यांवरील निर्णय जपून ठेवलेले असतात. म्हणूनच ते पुराव्यास बळकट. आपल्या देशांत पन्नास वर्षांमागची तोंडी हकीकत किती बदलते हें येथील वाचकांस सांगावयास नको.

आतां ती रूढ समजूत. विजयदुर्गाच्या किल्ल्यांत कांहीं दगडी चौथरे आहेत, त्यांस लोक साहेबाचे ओटे म्हणतात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदानें ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं तेथें दुर्बीण मांडून खग्रास ग्रहण पाहिलें व त्याच वेळीं हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, असें छापील पुस्तकांतही आढळतें. अलीकडच्या वर्षांत दर १८ ऑगस्टला किल्ल्यांत हेलियमचा दिन साजरा होतो. किल्ल्याचें नांव होतें, मुलांना शास्त्राची गोडी लागते, यांत वावगें कांहीं नाहीं. पण ही हकीकत दोन निरनिराळ्या ग्रहणांची गांठ मारून तयार झालेली आहे, आणि ती गांठ सुटते ती अर्जांनींच.

शके १७९० च्या, म्हणजे १८६८ च्या ग्रहणासाठीं हिंदुस्थानांत जे वेध घेतले गेले त्यांचे पैसे कोठून आले हें स्पष्ट आहे. हिंदुस्थानांतील इंजिनिअर खात्याचे मेजर टेनंट यांनीं या ग्रहणाचें महत्त्व आधींच मांडलें होतें. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें व राजज्योतिषी एरी यांनीं त्यांची बाजू उचलून धरली, हिंदुस्थानच्या स्टेट सेक्रेटरींनीं संमति दिली, आणि टेनंट हे आंध्रांत गुंटूर येथें गेले. रॉयल सोसायटीनें आपलीं यंत्रें पाठविलीं तीं त्रिकोणमितीच्या मोजणीखात्यांतील लेफ्टनंट जॉन हर्शेल यांच्याकडे. हे प्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे पुत्र. त्यांनीं आपलें ठाणें केलें जमखंडीस, पटवर्धनांच्या संस्थानांत. कडेगांवाहून तें सुमारें चाळीस कोसांवर. श्रावणाचे दिवस, आभाळ भरलेलें. तरी ढगांच्या फटींतून हर्शेल यांस सूर्याच्या कडेवरील तेजोज्वालेचा वर्णपट दिसला व त्यांत तेजस्वी रेषा आढळल्या. यावरून त्या ज्वाला वायुरूप आहेत हें सिद्ध झालें. पॅरिसच्या विज्ञान-अकादमीचें पाठबळ घेऊन आलेले जान्सेन हेही गुंटूरासच होते. त्यांस त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या कीं दुसऱ्या दिवशीं, ता. १९ ऑगस्टला, ग्रहण नसतांही त्यांनीं त्या पुन्हां पाहिल्या.

या सगळ्यांत लॉकियर कोठें होते ? ते लंडनमध्यें होते, युद्धखात्याच्या कचेरींत कारकून. त्यांनीं १८६६ तच रॉयल सोसायटीपुढें असा प्रश्न ठेविला होता कीं, ग्रहणावांचूनही या ज्वाला वर्णपटदर्शकानें दिसणार नाहींत काय ? आणि त्यासाठीं प्रबळ यंत्र पाहिजे म्हणून त्यांनीं सोसायटीच्या सरकारी अनुदानांतून साहाय्य मागितलें. तें मंजूर झालें. पण यंत्र तयार होण्यास विलंब लागला. कारागीर ब्राउनिंग यांच्याकडून तें हातीं आलें ता. १६ ऑक्टोबर १८६८ ला. चार दिवसांनीं, ता. २० ऑक्टोबरला, लंडनच्या आकाशांत लॉकियर यांनीं तें सूर्यावर लावलें आणि तेजोज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचें हिंदुस्थानांतून निघालेलें पत्र व लॉकियर यांच्या शोधाची वार्ता हीं दोन्ही पॅरिसच्या अकादमीपुढें एकाच बैठकींत, ता. २६ ऑक्टोबरला आलीं. फ्रेंच सरकारनें पुढें दोघांच्या मुखवट्यांचें एक पदक पाडलें. ज्या यंत्राचा अर्ज ग्रहणाच्या कितीतरी आधीं झाला होता, तें ग्रहण होऊन दोन महिने गेल्यावर मिळालें. वेळेवर मिळतें तर या प्रकरणांत जान्सेन यांस सहभागी शोधल्याचा मान उरला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. अनुदानाची मंजुरी आणि वस्तूची प्राप्ति यांतील अंतर हें तेव्हांही आजच्यासारखेंच होतें.

तेव्हां १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लॉकियर विजयदुर्गावर नव्हते, एवढेंच नव्हे तर त्या दिवशीं त्यांच्या हातांत यंत्रही नव्हतें. हेलियमची गोष्ट तर त्याहून पुढची. त्या वर्णपटांतील पिवळी रेषा सोडिअमच्या जोडरेषेशीं जुळत नाहीं, तिच्यापासून जरा बाजूस पडते, हें लॉकियर यांनीं निश्चित केलें तें त्यानंतर; रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्यासह प्रयोग करून ती कोणत्याही ज्ञात द्रव्याची नाहीं असें ठरल्यावर सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून तिच्या द्रव्यास नांव मिळालें. पृथ्वीवर तें द्रव्य हातीं लागलें तें १८९५ त, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेंत, एका युरेनियमयुक्त खनिजांतून. ज्या शोधास असे सत्तावीस वर्षांचे टप्पे आहेत तो एका दिवसांत व एका ओट्यावर बसविणें हें बखरकाराचें काम झालें.

मग ओट्यांची गोष्ट सर्वस्वीं खोटी काय ? मुळींच नाहीं. लॉकियर हिंदुस्थानांत दोनदां ग्रहणासाठीं आले. प्रथम १८७१ च्या डिसेंबरांत, ब्रिटिश असोसिएशनच्या खटपटीनें निघालेल्या मोहिमेबरोबर. त्या वेळीं ते मलबारच्या बाजूस बेकलच्या किल्ल्यांत उतरले. दुसऱ्यानें १८९८ त, रॉयल सोसायटी व रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या संयुक्त ग्रहणसमितीच्या वतीनें, आणि या वेळीं त्यांचें ठाणें विजयदुर्ग हेंच होतें. दोन्ही जागा समुद्रांतल्या किल्ल्यांच्या. माणूस तोच, निमित्त तेंच, किल्ला सागरीच. लोकांच्या आठवणींत सालाची सरमिसळ व्हावयास याहून अधिक काय पाहिजे? साहेब आले होते हें खरें, ओटे साहेबाचे म्हणावयास आधार आहे, फक्त साल तीस वर्षें मागें ओढलें गेलें आहे. साल सुधारल्यानें विजयदुर्गाचा मान उणा होत नाहीं. ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजावरील खलाशांस शिकवून त्यांच्याकडून वेध घेवविण्याचा जो प्रकार तेथें झाला तो आपल्या परीनें अपूर्वच होता. खलाशी घड्याळ मोजीत होते, चित्रें काढीत होते, कांचा बदलीत होते. फौलर व कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर हे शास्त्रज्ञ जोडीला होते.

१८९८ चें ग्रहण हें अर्जांच्या दृष्टीनें फारच श्रीमंत. संयुक्त समितीनें माणसें वांटून पाठविलीं : राजज्योतिषी क्रिस्टी व टर्नर हे शहडोलास, न्यूऑल व कॅप्टन हिल्स हे पुलगांवास, लॉकियर विजयदुर्गास. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँबेल जेऊरास आले ते क्रॉकर या धनिकाच्या द्रव्यावर. दाता मोहीम निघण्यापूर्वींच वारला, पण दान चालू राहिलें. तोकियोची मंडळीही जेऊरासच उतरली. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी ज्योतिर्विदांची संस्था. तिच्या सभासदांनीं खर्च आपापला केला व तळणी आणि बक्सर येथें ठाणीं दिलीं. बक्सरच्या टोळींतील मॅस्केलाइन यांनीं ग्रहणाचें चलच्चित्र घेतलें होतें, तें परतीच्या वाटेंत चोरीस गेलें. चोरास त्याचा काय उपयोग झाला असेल देव जाणे.

तळणीस ॲनी माँडर या बाईंच्या जवळ एक लहानसा कॅमेरा होता. त्याचें भिंग केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाकडून मिळालेल्या अनुदानांतून घेतलेलें. मोठमोठ्या यंत्रांच्या पंक्तींत तें खेळणें दिसावें असें. पण सूर्याच्या प्रभामंडलांतून निघालेला एक अतिशय लांब किरण टिपला तो त्याच भिंगानें, आणि तोंवर कोणाच्याही कांचेवर एवढा लांब किरण आला नव्हता. त्या मोहिमेचा सर्वांत स्वस्त अर्ज सर्वांत फलद्रूप ठरला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्या मंडळींतील एकच अर्जदार या पंक्तींत दिसतो, तो म्हणजे पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. १८८२ त भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनीं ५,००० रुपये मिळविले व मुंबई सरकारानें तितकेच घातले. प्रथम हेतु वर्णपटाच्या प्रयोगशाळेचा होता. विलायतेंत लॉकियर प्रभृतींचा सल्ला घेतल्यावर त्याची वेधशाळा झाली. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा हें तिचें नांव, आणि तिच्यांत ग्रब यांनीं केलेली २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण आली. ग्रहणास नायगमवाला जेऊरास गेले, पूर्ण ग्रासाच्या आरंभीं व अंतीं क्षणमात्र चमकणारा वर्णपट त्यांनीं कांचेवर घेतला, आणि त्यांचा अहवाल १९०२ त प्रसिद्ध झाला. १९१२ त ते निवृत्त झाले, तेव्हां वेधशाळा मोडली व दुर्बीण कोडाईकॅनॉलास गेली. पुण्याच्या आकाशास वाहिलेली ती यंत्रसामग्री एका माणसाच्या सेवाकालापुरतीच राहिली, याचा खेद वाटतो. संस्था उभारण्यास एकदां मिळालेलें द्रव्य व ती चालविण्यास दरसाल लागणारें द्रव्य हे दोन निराळे अर्ज आहेत, आणि दुसरा अर्ज पुढें चालवावयास कोणी उरलें नाहीं.

ज्योतिषाकरितां महाराष्ट्रांत द्रव्य अगदींच निघत नव्हतें असें नव्हे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथाच्या मुळाशीं दक्षिणा प्राइझ कमिटीची पंचांगांच्या इतिहासाविषयींची सूचना होती. ग्रंथ १८९६ त छापून निघाला आणि ग्रहणानंतर तीन महिन्यांतच, एप्रिल १८९८ त, दीक्षित वारले. म्हणजे ग्रंथास पारितोषिक देण्याची वाट आपल्याकडे होती. आकाशाकडे प्रत्यक्ष दुर्बीण लावण्यास मात्र संस्थानिकाचें दार गांठावें लागे.

आतां पुन्हां कडेगांवाकडे. वर ज्या मोहिमांचीं नांवें दिलीं त्यांपैकीं एकीचेंही ठाणें विजयदुर्ग व जेऊर यांच्या मधल्या टापूंत पडलें नाहीं. पुणें-मिरज लोहमार्ग तेव्हां झालेला होता, कऱ्हाडचें स्टेशन होतें, जानेवारीचें आकाश निरभ्र होतें. तरी साहेब लोक तेथें उतरले नाहींत याचें कारण, आमच्या मतें, अर्जांच्या स्वरूपांतच आहे. जहाज मिळालें त्यास बंदर सोयीचें, जडशीळ पेट्या मुंबईहून आणावयाच्या त्यास मुंबईचा थेट लोहमार्ग सोयीचा. मंजूर झालेल्या रकमेंत व मुदतींत यंत्रें मांडून होतील अशीच जागा निवडावी लागे. शिवाय मुंबई इलाख्यांत प्लेगाचे दिवस. ठिकठिकाणीं बंदोबस्त व तपासणी. छाया कोणत्या गांवावर पडते हें आकाश ठरवितें, पण ती कोणत्या गांवांत मोजली जाते हें खर्चाची मंजुरी ठरविते.

तरी कडेगांवास त्या दुपारीं भरदिवसा काळोख पडला असला पाहिजे, हें गणित सांगतें. आणि जेथें भर दुपारीं ५ पळें काळोख पडतो तेथें कोणी ना कोणी लिहून ठेवतोच. अशा नोंदी सांपडण्याच्या जागा अभ्यासकांस ठाऊक आहेत : जोशी घराण्यांतील शके १८१९ चीं पंचांगें व त्यांच्या समासांतील टिपणें, देवस्थानांच्या जमाखर्चांत पौष वद्य ३० चा स्नानदानाचा खर्च, कुलकर्ण्यांच्या दप्तरांतील हजिरी व कामाच्या वह्या. १८६८ साठीं जमखंडी संस्थानच्या दप्तरांत श्रावणाच्या अखेरचा तंबू, बैल, मजूर, दाणागोटा यांचा खर्च पाहावा. लेफ्टनंट हर्शेल यांच्या मुक्कामाची सोय संस्थानाकडून झाली असल्यास ती तेथें उमटलेली असेल. विजयदुर्गास तर १८९८ च्या जानेवारींतील बंदराचे व मामलेदार कचेरीचे कागद हेच ओट्यांचें साल कायमचें ठरवितील. ज्या मंडळींस त्या किल्ल्यांत पुढें समारंभ करावयाचे असतील व त्यासाठीं कोणा शास्त्रीय संस्थेकडे साहाय्य मागावयाचें असेल, त्यांच्या अर्जांत २२ जानेवारी १८९८ हीच तारीख शोभेल. १८ ऑगस्ट घातली तर पहिलाच जाणता परीक्षक अर्ज बाजूस ठेवील.

कडेगांव, कडेपूर, विटें या बाजूस जुन्या पंचांगांचे गठ्ठे ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं शके १८१९ च्या पंचांगाचें ग्रहणाचें पान काढून पाहावें. सामान्य पंचांगकार आपल्या मुख्य स्थळाचा ग्रास देतो; तें स्थळ पट्ट्याबाहेर असल्यास तेथें खंडग्रास छापलेलें असेल. त्या छापील शब्दाशेजारीं शाईनें ‘खग्रास’ असें कोणी लिहिलेलें आढळलें, किंवा पळांचा आंकडा घातलेला दिसला, तर तो कागद या प्रांतांतील त्या ग्रहणाचा स्थानिक वेध समजून जपून ठेवावा व त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी.